गुरुजींच्या पोरीला शाळा पाहिजे

यवतमाळात उन्हाळ्यात भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून दारोदार फिरणारी माणसं दोनच प्रकारची. एक लग्नाच्या पत्रिका वाटणारे, दुसरे शाळेचे मास्तर. पत्रिकावाला पाणी पितो, पत्रिका ठेवतो आणि उठतो. मास्तर बसतो. घरात साडेपाच-सहा वर्षांचं लेकरू आहे एवढं कळलं की मग तो चहा होईपर्यंत हलत नाही. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, आणि अतिरिक्त ठरलेल्या माणसाला जिल्ह्याच्या कोणत्याही टोकाला फेकता येतं. पूर्वीचे मास्तर शाळेतून पळालेली पोरं ओढून आणायचे. आताचे मास्तर दुसऱ्याच्या शाळेतली पळवून आणतात.

हे सगळं मला ठाऊक, कारण असा एक मास्तर माझ्याच घरात आहे. माझे पती केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं, मधले दिवस पांढरकवड्याला भाड्याची खोली. गाव त्यांना गुरुजी म्हणतं म्हणून मीही म्हणते. माझ्या म्हणण्यात आदर जरा कमी असतो एवढंच. मी स्वतः लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका दालमिलच्या ऑफिसात बसते. दिवसभर तुरीच्या धुळीत आणि हमालांच्या आरडाओरड्यात राहिलेली बाई घरी आल्यावर फार गोड बोलू शकत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

आमच्या कॉलनीत सरकारी शिक्षक पुष्कळ. त्यांची घरं दुमजली, गेटवर कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी, आणि घरातलं एकही लेकरू सरकारी शाळेत नाही. सकाळी सातला इंग्रजी शाळांच्या बसगाड्या येतात आणि मराठी शाळांच्या मास्तरांची मुलं टाय लावून त्यांत चढतात. बस गेली की मास्तर मोटरसायकल काढून दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शाळेचं महत्त्व पटवायला निघतात. आम्हीही त्यातलेच. आमच्या लेकीसाठी इंग्रजी शाळा पाहून ठेवली होती, गणवेशाचा रंगसुद्धा सासूबाईंनी पास केला होता. कोणाच्या मनाला काही टोचत नव्हतं. हलवाई आपल्या दुकानातली मिठाई खात नाही, त्यात काय एवढं?

मग एका शनिवारी गुरुजी घरी आले ते तोंड पाडून. जेवायला बसले, वरणात पोळी कुस्करली आणि तशीच ठेवली. मला वाटलं बदली झाली. पण झालं होतं वेगळंच. त्यांच्या गावात हायवेवरच्या एका खासगी इंग्रजी शाळेनं बस पाठवायचं कबूल केलं होतं. गावाबाहेर कोलामांचं पोड आहे, म्हणजे त्यांची वस्ती. गुरुजींच्या शाळेतली निम्मी पोरं तिथूनच येतात. पोडावरच्या बायकाही आता बसचा विचार करत होत्या. म्हणून गुरुजी गृहभेटीला गेले, निंबाखाली बायका जमवल्या आणि सरकारी शाळेच्या गुणांवर बोलले. ते बोलतात चांगलं. मी लग्न त्या बोलण्यावरच केलं.

बोलणं संपल्यावर एक बाई उठून उभी राहिली. कापूस वेचायला, निंदायला जाणारी, अंगानं काटक, दोन पोरं शाळेच्या वयाची. पोडावर तिचं ऐकतात असं गुरुजी म्हणाले.

‘‘गुरुजी,’’ ती म्हणाली, ‘‘तुमची पोट्टी कोन्या शाळेत हाय?’’

‘‘यंदा पहिलीत घालाची हाय तिले,’’ गुरुजी म्हणाले.

‘‘कोन्या शाळेत?’’

इथं शहाण्या माणसानं खोकला काढला असता. आमच्या गुरुजींनी चारचौघांत सांगून टाकलं, ‘‘सरकारी शाळेतच.’’

‘‘मंग घाला. आमी येऊन पाहून घेऊ. तुमची बसली का आमची बी बसन. नाही तं बस येऊनच राह्यली.’’

पोडावरची पोरं गेली तर पट निम्म्यावर येणार, दोनातला एक शिक्षक जाणार, आणि दोघांत सेवेनं लहान म्हणून तो आमचाच असणार. आणखी एखाद्या वर्षात शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळली तरी आश्चर्य नाही. थोडक्यात, गुरुजींची शाळा आमच्या सहा वर्षांच्या पोरीच्या दप्तराला येऊन लटकली होती.

मी त्या रात्री काय काय बोलले ते लिहीत नाही. सारांश असा की लोका सांगे ब्रह्मज्ञान हे आतापर्यंत ठीक चाललं होतं, मध्येच ते घरी आणायची काय गरज होती? गुरुजी म्हणाले, ‘‘अवं, तोंडातून निंघून गेलं.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘बाबूनं शब्द देल्ला तं देल्ला. आपल्या घरचा शब्द हाय.’’ त्यांच्या मुलानं शब्द दिला की तो घरचा होतो, आणि निभवायचा मात्र सुनेनं असतो.

शेवटी मी म्हटलं, सरकारी तर सरकारी. पण शहरातल्या सरकारी शाळांमधली जी उत्तम असेल तीच. मिलमध्ये तुरीचा सौदा करताना पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे हातावर घेतात, रंग बघतात, एखादा दाताखाली फोडून ओल बघतात. मीही तसंच करायचं ठरवलं. शाळांना अजून उन्हाळी सुट्टी लागायची होती, त्या सकाळच्या भरत होत्या. मी मिलमध्ये उशिरा येण्याची परवानगी घेतली आणि निघाले.

पहिली शाळा आमच्या घराला सगळ्यात जवळची, नगरपालिकेची. बाहेरून पाहिलं तर जीव हरखून जावा. सगळ्या इमारतीवर आगगाडी रंगवलेली. वर्गांची दारं म्हणजे डब्यांची दारं, ऑफिस म्हणजे इंजिन. यवतमाळला मोठ्या आगगाडीची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या, निदान भिंतीवर तरी आली. मुख्याध्यापक भले गृहस्थ, इंजिनातून बाहेर आले आणि मला सगळी गाडी फिरवून दाखवली. डिजिटल खोलीला कुलूप होतं. किल्ली एका सरांकडे, आणि सर प्रशिक्षणाला.

‘‘आत काय काय आहे?’’ मी विचारलं.

‘‘सगळं आहे, ताई. मोठा टीव्ही आहे, कॉम्प्युटर आहे. एकदम व्यवस्थित ठेवलं आहे. अजून वरची प्लास्टिकची पन्नीसुद्धा काढली नाही.’’

मुलांच्या मुतारीलाही कुलूप होतं. ती शहरातल्या शाळांमधली सगळ्यात स्वच्छ मुतारी असल्याचं त्यांनी अभिमानानं सांगितलं. मी म्हटलं, मग मुलं कुठे जातात? त्यांनी मागच्या बाभळींकडे बोट दाखवलं. पोरं फार घाण करतात म्हणे, म्हणून साहेब लोकांची पाहणी असली की तेवढी उघडतात. माझ्या मनात आलं, मुलांनाच बाहेर ठेवून कुलूप लावलं तर ही शाळा देशात पहिली येईल. पण मी ते बोलले नाही. त्यांनी मला लिंबूपाणी पाजलं होतं. एका वर्गात त्यांनी दोन वेण्यांच्या एका चुणचुणीत पोरीला उभं केलं आणि तिनं एकोणीसचा पाढा असा म्हटला की मला घाम फुटला. मला अजूनही तो पाढा मध्येच थांबून बोटांवर मोजावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याच्या टाकीखालच्या शाळेत गेले. ही पहिल्या शाळेपासून दोन गल्ल्या सोडून. इथे गुरुजींचे डी.एड.चे वर्गमित्र शिकवतात, त्यामुळे माझं स्वागत वहिनी म्हणून झालं. इमारत साधी, पण अंगण मोठं आणि टाकी गळत असल्यामुळे झाडं हिरवीगार. त्या दिवशी कोणीतरी साहेब तपासणीला येऊन गेले होते. खुर्च्या अजून बाहेरच होत्या. वर्गमित्र म्हणाले, चला वहिनी, आमची मुलं दाखवतो. वर्गात गेलो, त्यांनी एका पोरीला उभं केलं आणि तिनं एकोणीसचा पाढा म्हटला. दोन वेण्या, तोच आवाज, तोच ‘एकोणीस नवे एकाहत्तरासे’ म्हणताना मान हलवायचा झटका.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘‘भाऊजी, ही पोरगी काल त्या आगगाडीच्या शाळेत होती ना?’’

ते जरासुद्धा लाजले नाहीत. म्हणाले, ‘‘तिथलीच आहे. आज आमच्याकडे तपासणी होती ना, वहिनी. तुमच्या घरी पाहुणे आले तर तुम्ही शेजारून खुर्च्या आणत नाही का? उद्या त्यांच्याकडे साहेब आले तर आमची कवितेची पोरगी जाते.’’

आता सांगा, अशा दोन शाळांची तुलना कशी करायची? दोन्हीकडे हुशारी तेवढीच, कारण ती एकच होती आणि चप्पल घालून इकडून तिकडे जात होती. मला राग यायला हवा होता, पण त्या पोरीला दोन्ही शाळांत खाऊ मिळत होता आणि ती मजेत होती, म्हणून मी गप्प बसले.

तिसरी शाळा बाजारात, जुनी, कौलारू. एका बाजूला भांड्यांची दुकानं, दुसऱ्या बाजूला मिरची-मसाल्याची गिरणी. मुलं शिंकत शिंकत बाराखडी म्हणत होती. रंगरंगोटी नाही, टीव्ही नाही, आणि दोन वर्ग एकाच खोलीत, एक पूर्वेला तोंड करून, एक पश्चिमेला. पण मध्ये उभी असलेली बाई शिकवत होती. मी दारात उभी आहे हे तिला बराच वेळ कळलंच नाही. ती चिंचोके वाटत होती, पोरांकडून परत घेत होती, एका मुलाला तिनं चुकलेली वजाबाकी तीनदा करायला लावली आणि तिसऱ्यांदा बरोबर आल्यावर असा चेहरा केला की जणू वजाबाकीचा शोध त्यानंच लावला. माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘काही काम होतं का ताई? नसेल तर जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.’’ मला ती तेव्हाच आवडली. मी तिथल्या तिथं तिला सांगितलं, माझी मुलगी इथेच घालीन.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण माझ्या पाठीमागे घरात काय चाललं होतं ते मला माहीत नव्हतं.

शिक्षकाची पोरगी सरकारी शाळेत जाणार ही बातमी शहरातल्या मास्तरांत वाऱ्यासारखी पसरली. असं सहसा होत नाही. ज्या शाळेत शिक्षकाचं लेकरू, त्या शाळेचं नाव होतं; ते दाखवून आणखी पाच घरं फोडता येतात. त्यामुळे पुढच्या रविवारी आगगाडीचे मुख्याध्यापक एक सहकारी घेऊन आमच्याकडे आले. दोघांचे कपडे इस्त्रीचे. सासूबाईंना इस्त्रीचे कपडे घालून रविवारी येणाऱ्या दोन पुरुषांचा एकच अर्थ माहीत. त्यांनी नातीला फ्रॉक बदलायला लावला, केसांना तेल लावलं, बैठकीत आणून बसवलं आणि पोह्यांवर खोबरं पेरलं.

‘‘नाव काय बाळ तुझं?’’ मुख्याध्यापकांनी विचारलं. पोरीनं सांगितलं. सासूबाई समाधानानं मान हलवत होत्या. मग त्यांनी सूत्रं हातात घेतली.

‘‘इमारत घरची का भाड्याची?’’

‘‘स्वतःची आहे, आजी.’’

‘‘मानसं किती?’’

‘‘शिक्षक पुरेसे आहेत.’’

‘‘देन्याघेन्याचं काय?’’

मुख्याध्यापक सरसावून बसले. पुस्तकं आणि गणवेश तर शासनाचेच. पण दप्तर, पाण्याची बाटली, डबा हे शिक्षक स्वतःच्या खिशातून देणार. शिवाय घरापर्यंत ऑटो. सासूबाईंना ऑटो आवडला. ‘‘आमच्या सुनेच्या वक्ताले तं आम्ही जीप भाड्यानं केलती,’’ त्या म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले आणि तिथेच निकाल लागला. सासूबाईंच्या मते जो माणूस दुसऱ्यांदा मागून खातो त्याच्या घरी लेक सुखात राहते. त्यांनी नातीच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून दिली, तिच्या हातावर नारळ ठेवला आणि हो म्हणून टाकलं.

मी आणि गुरुजी घरी नव्हतो; भाजी आणायला गेलो होतो. सासूबाईंनी आम्हाला सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते अशा गोष्टी योग्य वेळी सांगायच्या असतात. तिकडे गुरुजींनी फोनवर टाकीखालच्या वर्गमित्राला शब्द दिला होता. सतरा वर्षांची दोस्ती, नाही कसं म्हणणार? झेरॉक्स त्यालाही गेली. त्यांनीही मला सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते मी चिडले असते. आणि मी बाजारातल्या बाईला शब्द दिला होता तो या दोघांना सांगितला नव्हता, कारण माझ्या मते निर्णय माझाच होता. एकाच पोरीला तीन घरी दिलं आणि तिन्ही घरची तयारी सुरू झाली. मे महिन्यात घरात तीन दप्तरं आली तेव्हा मला शंका यायला हवी होती. मी समजले, शासनाची काहीतरी योजना असेल.

शाळा उघडल्या त्या दिवशी गुरुजी रजा काढून घरी थांबले. त्यांच्या स्वतःच्या शाळेचाही तोच पहिला दिवस होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. सकाळी मी पोरीची वेणी घालत होते तेवढ्यात गल्लीत ढोल वाजला. पहिल्या दिवशी नव्या मुलांना वाजतगाजत नेतात, त्याला प्रवेशोत्सव म्हणतात. गावाकडे सजवलेल्या बैलगाडीतून नेतात. आगगाडीच्या शाळेनं लेझीम पथक आणलं होतं. पुढे मुख्याध्यापक, डोक्याला फेटा. मी काही विचारणार तोच गल्लीच्या दुसऱ्या टोकातून टाकीखालच्या शाळेचा ऑटो आला, वर-खाली फुग्यांनी झाकलेला, आतून वर्गमित्र हात हलवत होते. दोन्ही पार्ट्या आमच्या गेटसमोर येऊन भिडल्या. ढोल थांबला.

‘‘सर, आपण इकडं कसे?’’

‘‘आपण कसे, सर?’’

‘‘आमची एक विद्यार्थिनी आहे इथं.’’

‘‘आमचीपण एक आहे.’’

दोघंही फार सभ्यपणे बोलत होते. मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी आपल्या चपलेकडे पाहिलं. तेवढ्यात बाजारातल्या शाळेच्या बाई आल्या, एकट्या, पायी, हातात ताट, ताटात निरांजन आणि कुंकू, पदरानं वाऱ्यापासून ज्योत झाकत. बाजारातून आमच्या कॉलनीपर्यंत त्या अशा चालत आल्या होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

निर्णय शेवटी पोरीनं घेतला. तिनं ढोलाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, ऑटोकडे पाहिलं, आणि फुग्यांमध्ये जाऊन बसली. मी उन्हातान्हात हिंडून केलेली सगळी पारख तिनं एका उडीत निकालात काढली. मी तिला खाली उतरवणार होते, पण बाईच म्हणाल्या, ‘‘राहू द्या. पहिल्या दिवशी रडवून नेऊ नका.’’ त्यांनी ऑटोतच तिला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं आणि ताट घेऊन परत फिरल्या. मुख्याध्यापकांनी ढोलवाल्याला खूण केली आणि पुढच्या गल्लीत कोणी मिळतं का बघायला गेले. ऑटो गेला. गल्लीत फुटलेल्या फुग्यांचे तुकडे आणि आम्ही तिघं उरलो.

तिघं नाही. समोरच्या घराच्या भिंतीला टेकून तीन बायका उभ्या होत्या. मला वाटलं शेजारच्या बांधकामावरच्या असतील. गुरुजींचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं. पोडावरच्या बायका शब्दाप्रमाणे पाहायला आल्या होत्या. पहाटेच्या एसटीनं निघून, पत्ता विचारत विचारत आल्या होत्या आणि सगळा तमाशा त्यांनी पहिल्यापासून पाहिला होता.

आम्ही त्यांना आत घेतलं. सासूबाईंनी पोहे दिले. दोघी भिंतीशी बसून मुकाट्यानं खात होत्या. ती काटक बाई मात्र प्लेट मांडीवर घेऊन बसली होती. गुरुजी जरा सावरले होते. शब्द पाळला होता, साक्षीदार समोर होते. म्हणाले, ‘‘पाह्यलं ना? सरकारी शाळेतच गेली.’’

‘‘पाह्यलं,’’ ती म्हणाली. ‘‘एका पोट्टीसाठी तीन शाळा. ढोल काय, फुगे काय.’’ मग माझ्याकडे वळली. ‘‘मास्तरीनबाई, येक विचारू का? तुमी एवढ्या शाळा पाह्यल्या. गुरुजीची शाळा काहून नाही पाह्यली?’’

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, ‘‘कोणती?’’

‘‘आमचीच. तथीच तं गुरुजी शिकवते. निंबाखाली आमाले सांगत होते, लय चांगली शाळा हाय म्हून. तुमी समदे तथं येऊन राहा. पोट्टी बापाच्या हाताखाली शिकन. याहून चांगली शाळा कोनती?’’

ती टोमणा मारत नव्हती. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिला खरंच वाटत होतं की आम्ही ही साधी गोष्ट विसरलो असू. ज्या शाळेसाठी एवढं रामायण चाललं होतं, त्या शाळेचा नमुना हातावर घेऊन पाहावा असं माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, की ही आता खरंच धरून बसेल.

गुरुजींनाही तीच भीती वाटली असावी, कारण ते घाईघाईनं बोलायला लागले. ‘‘तसं जमत नाही वं बाई. तिचं नुकसान होईन. एक खोली गळते, पावसाळ्यात चारही वर्ग एकाच खोलीत बसवा लागते. हापशी बंद हाय, पोट्ट्यायले पाणी घरून आणा लागते. दुसरे सर मीटिंगले गेले का मी एकटा, मी गेलो का ते एकटे. आधा महिना तं कागदंच रंगवा लागते. अन् तुमचे पोट्टे घरी कोलामी बोलते, पुस्तक मराठीत, मले तुमची बोली येत नाही, त्यायले माह्यी समजत नाही. पहिलं वर्ष तं असंच जाते. त्यात आमची पोट्टी...’’

ते थांबले. त्यांना ऐकू आलं असावं आपण काय बोलतोय ते. लग्न झाल्यापासून मी त्यांना आपल्या शाळेबद्दल इतकं खरं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

‘‘अन् सोमवारी तुमची येस्टी पोचाले दुपार होते,’’ ती बाई म्हणाली. ‘‘ते राह्यलं.’’

सासूबाई उगाच पाण्याचा तांब्या पुढे सरकवत होत्या.

‘‘तुमच्या पोट्टीचं नुकसान होते तथं,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘मंग आमची काहून?’’

तिनं पोहे खाल्ले, प्लेट मोरीवर स्वतः नेऊन विसळली, आणि तिघी दुपारच्या एसटीला निघून गेल्या. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले.

त्या आठवड्यात पोडावरची सगळी पोरं बसनं गेली. गुरुजी रोज रात्री पांढरकवड्याहून फोन करून रडकुंडीला येत. वर्ग रिकामा, दुसरे सर बोलत नाहीत, वरून विचारणा सुरू. मग झडी लागली. त्या भागातली माती काळी, पाऊस पडला की पाय निघत नाही तिथे बस काय जाणार? बसवाल्यानं सांगितलं, पोरं हायवेवर आणून सोडा. सकाळच्या निंदणाच्या वेळी लेकरं एवढ्या लांब चिखलातून कोण नेऊन सोडणार? एकेक करून सगळी गुरुजींच्या शाळेत परत आली. त्या बाईची दोन्हीसुद्धा.

शनिवारी गुरुजी पेढे घेऊन आले. चपलाही काढल्या नाहीत, दारातूनच म्हणाले, ‘‘पट वाचला!’’ सासूबाईंनी देवापुढे पेढा ठेवला. आमची लेक टाकीखालच्या शाळेत रमली होती. तिनं दोन पेढे खाल्ले आणि एकोणीसचा पाढा म्हणणारी ताई आज आमच्याकडे होती असं सांगितलं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला त्या बाईचा चेहरा दिसत होता. आमच्या पोरीला ढोल, ताट आणि फुगे यांतून निवडता आलं. तिच्या पोरांना निवडायला एकच शाळा होती, आणि ती कशी आहे हे तिला आमच्या बैठकीत बसवून तिच्याच मास्तरानं सांगितलं होतं. तरी तिला पोरं तिथेच पाठवावी लागली.

दुसऱ्या दिवशी रविवारी, संध्याकाळचा चहा झाल्यावर मी गुरुजींची बॅग भरून दारात ठेवली. ते म्हणाले, ‘‘आज कायले? उद्या सकाळची गाडी हाय ना.’’ मी म्हटलं, ‘‘उद्याची गाडी दुपारी पोचते.’’ ते कुरकुरले, सासूबाई माझ्यावर चिडल्या, लेक रडली. त्या शाळेत पोरगी पाठवायची माझी छाती झाली नाही, आजही होणार नाही. पण तेव्हापासून मास्तर मी रविवारी संध्याकाळीच पाठवते.